उलटी चादर

माणसाला चुकायला आवडतं, हे मला लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हाच कळलं. साखर पेठेतल्या बोळांतून भाजी आणायला निघायची आणि हटकून भलत्याच दारात उभी राहायची. आत मागांचा खडखडाट चाललेला. उंबऱ्यावरच्या बाया तेलुगूत काहीतरी विचारायच्या, मी मराठीत काहीतरी सांगायची, आणि शेवटी माझी मीच घराला लागायची. घरी पोचले की असा काही आनंद व्हायचा, जणू गड सर केला. भाजी सुकलेली असायची, पण त्याचं कोणाला एवढं! सरळ रस्ता मला कोणी दाखवला असता तर मी त्याच्यावर रागावलेच असते.

माझे सासरे आबासाहेब मात्र चुकणं म्हणजे बेअब्रू समजत. मूळचे वळसंगचे. तरुणपणी खांद्यावर चादरींचं गाठोडं टाकून गावोगाव हिंडले आणि मग पेठेत दुकान थाटलं. उंचेपुरे, आवाज खणखणीत, आणि आयुष्यात कोणाला वाट विचारली नाही. एकदा मोडनिंबला भाच्याच्या लग्नाला निघाले, भलत्याच फाट्यावर उतरले, रानोरान हिंडले, आणि मांडवात पोचले तेव्हा आचारी कढया घासत होता. "कुणाला विचारायचं तरी," असं मी म्हणाले, तर माझ्यावरच डाफरले, "वाट इचारायला मी काय परगावचा हाय?" मोडनिंबात ते परगावचेच होते, पण हे त्यांना सांगणार कोण?

दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, होम मैदानावर मामंजी चादरींच्या दुकानासाठी जागा घेत. त्या वर्षी ती जागा मी मागितली. बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता, रानात हुरडा होता, लोकांना पुन्हा जत्रेला जावंसं वाटत होतं. मला तिथं चादरींचा भुलभुलैया बांधायचा होता. वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भाकरी थापताना पिठात बोटानं वाटा काढायचे आणि पुसायचे.

"चादर पांघरायची वस्तू हाय," मामंजी म्हणाले. "तिच्यात माणसं कोंडायची कशापायी?"

"कोंडायची नाहीत मामंजी, हरवायची."

"आन् मग?"

"मग त्यांची त्यांना वाट सापडते. तीच तर गंमत."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होते, मुलगी बघायला गेलो तेव्हा हे कसं दिसलं नाही आपल्याला. पण शब्दाचा माणूस. म्हणाले, "करीच्या दिवसापातूर चालव. त्या दिशी सांजच्याला मी येतो. पटलं तर गड्डा संपेस्तवर जागा तुझी. न्हाय पटलं तर दुसऱ्या दिवशी तितं दुकान, आन् पुन्यांदा हे खूळ माझ्या कानावर यायचं न्हाय."

म्हणजे भोगी, संक्रांत आणि कर, तीनच दिवस. तेवढ्यात माझं वर्षभराचं स्वप्न तरायचं होतं किंवा बुडायचं होतं.

बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या आणि दुकानातल्या मोराच्या चादरी टांगल्या. सोलापुरी चादरीची दोन्ही अंगं देखणी असतात. सुलट अंगावर मोर लाल दिसतो, तोच उलट अंगावर पांढरा. मी प्रत्येक भिंतीला दोन चादरी पाठीला पाठ लावल्या, म्हणजे कुठल्याही बोळातून बघा, लाल मोरच दिसणार. मधोमध एक पितळी घंटा टांगली. आत शिरायचं, घंटा शोधून वाजवायची आणि पलीकडच्या दारानं बाहेर पडायचं. मदतीला गंगम्मा होती. ती आमच्याकडं चादरींच्या कडा शिवायला यायची. बोलायची कमी, पण बघायची सगळं. तिच्यासाठी मी कडेनं एक चोरवाट ठेवली होती, आतल्या लोकांवर लक्ष ठेवायला.

भोगीच्या दिवशी मी वाटेची एकही खूण ठेवली नाही. ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं जावं, असा माझा ताठा. झालं काय, तर सगळीकडं लाल मोरच लाल मोर. माणसं आत गेली ती गेलीच. पोरं रडायला लागली, म्हातारे मटकन खाली बसले, होटगीच्या एका गड्यानं वैतागून दोरीच तोडली आणि चादरींसकट बाहेर आला. घंटा दिवसभरात कुणाच्या हाती लागली असेल तर शपथ. "जत्रंला आलो का तुरुंगात?" असं एक बाई मला तोंडावर म्हणाली. मी तिला म्हणाले, डोकं वापरलं असतं तर बाहेर आला असतात. तीही काही कमी नव्हती. म्हणाली, तुझं डोकं तुलाच लखलाभ.

आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र, मिलच्या कचेरीत कारकून. नाव लिहिताना घ्यायला हरकत नाही. स्वभावानं गरीब आणि टापटिपीचे. रात्री जेवताना म्हणाले, "लोकांना सांगावं लागतं गं. कचेरीतसुद्धा प्रत्येक खोलीवर पाटी असते." आणि संक्रांतीला सकाळी सगळ्या वळणांवर पुठ्ठ्याचे बाण लटकवून मोकळे झाले. अक्षर सुरेख, बाण ठळक, खाली 'घंटेकडे' असंही लिहिलेलं.

माणसं बाणावर नजर ठेवून आत गेली आणि घंटा वाजवून बाहेर आली. तक्रार कुणाची नाही, हसणंही कुणाचं नाही. रेशनच्या रांगेतून पुढं सरकावं तसं सगळं. वळसंगचा एक म्हातारा बाहेर येऊन इकडंतिकडं बघत म्हणाला, "भुलभुलैया कुटं हाय?" त्याला वाटलं होतं, ही नुसती आत जायची वाट. मी तिथंच बांबूला टेकून उभी राहिले. कालच्या शिव्यांनी लागलं नव्हतं एवढं ते लागलं. चुकायला जागाच ठेवली नाही तर सापडणार काय, कपाळ?

दुपारी बजाबाई नावाची एक शेतकरीण आपल्या बहिणीबरोबर आली. लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळं पुठ्ठ्यावर अक्षरं दिसली की ती तिकडं बघतच नव्हती. मी मागोमाग आत गेले. बहीण पुढं निघून गेली आणि बजाबाई एका चादरीपुढं थांबली. चिमटीत धरून चादरीची जाडी बघितली. मग खालचं टोक उचलून उलट अंग बघितलं. सोलापूरकडचं माणूस चादर बघतं ते असंच, घ्यायची असो नसो. पाठीची चादरही टोकासकट वर आली आणि पलीकडं तिची बहीण उभी!

"अगं बया! तू हितं व्हय?"

दोघी अशा हसल्या की बाजूच्या बोळातली माणसंही थांबली. मग त्यांनीही चादरी उचलून बघायला सुरुवात केली. बाण राहिले बाजूला. मी ओरडणार होते, भिंती उचलू नका म्हणून. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मला बजाबाईचा चेहरा दिसला. बोळात चुकून घरी पोचल्यावर माझा व्हायचा ना, तसाच. मी तोंड मिटलं. एवढे दिवस मी लोकांच्या डोक्याशी खेळ मांडून बसले होते, आणि सोलापूरचं डोकं तर हातात असतं.

करीच्या दिवशी पहाटे गंगम्माला घेऊन मैदानावर गेले. हे मागोमाग आले आणि म्हणाले, "आज कर आहे. करीला नवीन काही सुरू करू नये."

"नवीन कुठं काय करतेय? आहे त्याच चादरी उलट्या करतेय."

मी कामाला लागले. सगळ्या भिंतींच्या चादरी खालून बांबूला घट्ट बांधल्या. वाट जिथं पुढं जाते तिथल्याच तेवढ्या दोन्ही बाजूंनी उलट्या टांगल्या आणि खालून मोकळ्या सोडल्या. लाल मोरांच्या रांगेत एखादाच पांढरा मोर. पाटी नाही, बाण नाही. उलटी टांगलेली चादर दिसली की इथल्या माणसाच्या हाताला खाज सुटते. तो ती उचलून बघतोच, आणि उचलली की खालून पलीकडं जायची वाट. पहिली उलटी चादर मी अगदी समोर ठेवली, जिथं बोळ संपतो आणि दुसरं करण्यासारखं काही नसतं. तिथं हाताला सवय लागली की पुढची जरा कोपऱ्यात, त्यापुढची अशी की मागं वळून बघितल्याशिवाय दिसू नये. आणि एका उलट्या चादरीमागं वाटच नव्हती. तिथं लहानशी जागा आणि तिळगुळाची परात. चुकलेल्यालाही तोंड गोड करून परत पाठवायचं.

"आणि एखाद्याला नाहीच सापडली तर?" ह्यांनी विचारलं.

"तर गंगम्मा मागून बरोबर त्या चादरीचं टोक जरासं हलवेल. वाऱ्यानं हललं असं वाटेल. तोंडानं एक अक्षर सांगायचं नाही."

गंगम्मानं मान डोलावली. तिला अक्षर सांगायची हौस नव्हतीच.

त्या दिवशी सकाळपासून घंटा वाजायला लागली ती थांबेना. माणसं तावातावानं भांडत बाहेर यायची, "मी सांगत हुतो की तुला, पांढरा मोर बघ म्हणून!" काहींच्या गालात तिळगूळ. पण बाहेर उभ्या असलेल्यांनी विचारलं की तीच माणसं गालातल्या गालात हसायची आणि म्हणायची, "जावा की आत. कळंल." एवढ्या बोलघेवड्या गावात एवढं गुपित कधी टिकलं नसेल! दुपारपर्यंत रांग जत्रेतल्या मोठ्या पाळण्यापर्यंत गेली. मी कमरेला पदर खोचून दारात उभी होते आणि मला माझा अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोलू?

उन्हं उतरली आणि मामंजी आले. मागं हातगाडी, तिच्यावर दुकानाची पाटी, गादी आणि कापड मोजायचा गज. निकालाआधीच शिक्षेची तयारी. रांगेकडं बघून म्हणाले, "लोकांचं काय, लोक कशालाबी भुलत्यात."

रांगेतला कुणीतरी ओळखीचा म्हणाला, "आबासाहेब, घरचीच चीज हाय, तुमी न्हाय गेला आत? का हरवाल म्हणून भ्या वाटतंय?"

झालं! मामंजींनी टोपी सारखी केली, धोतराचा सोगा खोचला आणि तरातरा आत शिरले. पाठोपाठ रांगेतली बरीच माणसं गेली. मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, चादरीचं उलटसुलट ह्या माणसाला नाही कळणार तर कुणाला? आत्ता घंटा वाजेल.

घंटा वाजली नाही. मग नुसती वाट बघत राहिले. आत गेलेली माणसंही बाहेर येईनात. घंटाच मुकी झाली. आतून आधी हाका, मग ओरडा ऐकू यायला लागला. बाहेरच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. इतक्यात गंगम्मा चोरवाटेनं धावत आली. तिला धावताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"अक्का, मामा चादरी सुलट करून ऱ्हायले."

"म्हणजे?"

म्हणजे असं, की उलटी टांगलेली चादर बघून मामंजींच्या हाताला खाज सुटली ती वेगळीच. त्यांना ती आमची हयगय वाटली. दुकानदाराच्या घरात चादर उलटी टांगतात? हात दोरीला सहज पोचत होते. गाठ सोडायची, चादर सुलट करायची, परत बांधायची, खालून पलीकडं शिरून तिकडचीही तशीच करायची, दोन्हींची टोकं बांबूला आवळायची आणि सुनेला शिव्या घालत पुढं जायचं. असं करत करत त्यांनी जाईल तिथली वाट मिटवली होती. मागची माणसं अडकली आणि मामंजीही अडकले. आता चारी बाजूंनी लाल मोर. भोगीचा दिवस परत आला होता, आणि ह्या खेपेला आत माझा न्यायाधीशच कोंडला होता.

ह्यांनी कुठूनतरी कालचे बाण काढले. "मी जातो आत. आबांना घेऊन येतो."

"कुणी जायचं नाही," मी दारात आडवी झाले.

"अगं, ते चिडतील!"

"हात धरून बाहेर आणलंत तर जन्मभर चिडतील. एवढ्या लोकांदेखत त्यांना वाट दाखवणार तुम्ही? त्यांना?"

ह्यांनी बाण खाली ठेवले. बाण नेला तर मामंजींची अब्रू जाते आणि भुलभुलैयाही जातो. नाही नेला आणि ते संतापून दोऱ्या तोडून बाहेर आले, तरी जातोच. हातगाडीवाला गाडीला टेकून बिडी ओढत होता. त्याच्याकडं बघवेना. रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. मी गंगम्माला म्हणाले, "सगळ्यांसाठी करतेस तेच कर. टोक हलव. जास्त काही नाही."

ती गेली आणि मी देवाचं नाव घेतलं. सिद्धेश्वराच्या देवळाचं शिखर तिथून दिसायचं. त्याच्याकडं बघून म्हटलं, तुझ्या जत्रेत माझा मान राख, नाहीतर तुझं माझं भांडण.

गंगम्मा परत आली. "हलवायला गेलते, तर मामा आपणच थांबले. एका पांढऱ्या मोरापुढं. सोडायला म्हणून गाठीला हात लावला आन् तसंच उभं ऱ्हायले. मग मागं वळून आपण सुलट केलेल्या सगळ्या चादरींकडं बघितलं."

"आणि?"

"आन् हसले."

मामंजी हसले? मी तिला परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.

त्यानंतर थोड्या वेळानं घंटा वाजली. एकच ठोका, पण असा दणदणीत की बाहेरच्या रांगेनं टाळ्या पिटल्या. पण मामंजी काही आले नाहीत. आधी मागं अडकलेली माणसं एकेक करून यायला लागली, घामाघूम आणि खुशीत. घंटा पुन्हा पहिल्यासारखी वाजू लागली. दिवे लागले, पाळण्यावरचे गोळे पेटले, आणि मग मामंजी बाहेर आले. टोपी कलती, धोतराला धूळ, मिशीला तिळगुळाचे कण. म्हणजे माझ्या परातीपर्यंतही जाऊन आले होते!

मघाशी डिवचणारा तो रांगेतला माणूस तिथंच होता. "आबासाहेब, वाट कुठनं हाय हो?"

"मला काय ठावं?" मामंजी म्हणाले. "जा की आत. हात हाय की न्हाय तुला?"

लोक हसले. मामंजी माझ्याकडं वळले. मी खाली बघितलं. म्हणाले, "चादरी उलट्या टांगायच्या तर गाठी तरी नीट मारायच्या. एका वढीत सुटत्यात. आत जाऊन बघून ये जा. काय ऱ्हायलं असंल तर."

एवढंच. ना बरं म्हणाले, ना वाईट. मी रांग थांबवली आणि आत शिरले. सुलट केलेल्या चादरी परत उलट्या करायला कितीसा वेळ लागेल, याचा मनात हिशेब चालला होता.

पहिल्याच वळणावर पांढरा मोर. गाठ माझी नव्हती, मामंजींची होती, खांद्यावरच्या गाठोड्याला मारायचे तशी दुहेरी आणि पक्की. पुढं पांढरा मोर, त्याच्यापुढंही पांढरा मोर. सुलट केलेली प्रत्येक चादर मामंजींनी परत फिरून उलटी केली होती, जिथल्या तिथं, दोन्ही बाजूंनी, टोकं मोकळी सोडून. तेवढा वेळ त्यांना का लागला ते आता कळलं. मला एकदम भरून आलं. चादरीत तोंड खुपसून मी थोडी रडलेही. नव्या चादरीचा खळीचा वास नाकात गेला आणि शिंक आली, म्हणून रडणं थांबलं.

घंटेपाशी पोचले, हौसेनं एक ठोका दिला आणि बाहेरच्या वाटेला लागले. शेवटच्या वळणावर पांढरा मोर होता. टोक उचललं तर मागं बांबूचा कूड आणि पलीकडं पाळण्याचा खांब. वाट नाही. मी चमकले. म्हटलं, वळण चुकले असेन. मागं फिरून दुसऱ्या बोळात गेले, तिथून तिसऱ्या, आणि परत त्याच पांढऱ्या मोरापुढं येऊन उभी राहिले. मग गाठीकडं बघितलं. दुहेरी, पक्की. ही चादर मी उलटी टांगलीच नव्हती. ही मामंजींनी आपल्या पदरची घातली होती. आणि माझी खरी शेवटची चादर कुठं कोपऱ्यात नेऊन टांगली होती, देव जाणे.

वर्षभर पिठात रेघा काढून बांधलेल्या भुलभुलैयात मी स्वतः हरवले होते, आणि ह्या माणसानं मला तासाभरात हरवलं होतं!

कुडापलीकडून हातगाडीची चाकं करकरली. मामंजी हातगाडीवाल्याला सांगत होते, "न्हे परत पेठंत. पाटीबी न्हे. गड्डा संपेस्तवर लागायची न्हाय." करकर पाळण्याच्या गोंगाटात दूर गेली. मग त्यांचा तो खणखणीत आवाज चादरींवरून माझ्यापर्यंत आला, "सूनबाई! लई येळ झाला की! वाट सांगू का?"

"खबरदार सांगाल तर!" मी आतून ओरडले आणि पुढच्या चादरीचं टोक उचललं.